ज्याला झळ, त्याचा शब्द आधी

ताईचं गाद्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. पुढे दुकान, त्याच्या मागे कापूस पिंजायचं यंत्र आणि यंत्राच्या मागे दोन खोल्यांचं घर. घर कुठे संपतं आणि कापूस कुठे सुरू होतो, ते कुणाला सांगता आलं नसतं.

दुकान वडिलांचं. कापसाची धूळ छातीत साठून साठून ते गेले तेव्हा ताईनं नुकती विशी गाठली होती आणि धाकटा भाऊ अजून बुटाच्या नाड्या बांधताना जीभ बाहेर काढत होता. आई तर त्याला वर्षाचा करून गेलेली. भाऊ गुबगुबीत, म्हणून ताई त्याला ढब्बू म्हणायची. ढब्बूला कडेवर घेऊनच तिनं दुकानाचं कुलूप उघडलं. दाभण कसं धरायचं, खोळीच्या कोपऱ्यापर्यंत कापूस कसा कोंबायचा, जुनी गादी उसवताना आत जे काही सापडेल त्याबद्दल गिऱ्हाइकापाशी अवाक्षर कसं काढायचं नाही, हे सगळं ती करता करता शिकली. लग्नाचं विचारायला एकदोघं आले. ‘भाऊ माझ्याबरोबर राहील, चालेल ना?’ एवढाच तिचा प्रश्न असायचा. ‘घरी विचारून सांगतो,’ म्हणून जे गेले ते गेलेच. तिनं मनाला लावून घेतलं नाही. निदान ती तसं सांगायची.

ढब्बू शिकला. हुशार होता आणि तोंडानं फटकळही. जेवायला बसला की भांडायला बसला असंच समजायचं. जुन्या सरकारशी, कॉलेजातल्या सरांशी आणि आमटीतल्या मिठाशी तो सारख्याच त्वेषानं भांडायचा. ‘अरे, घास तरी गिळ आधी,’ ताई म्हणायची, आणि मनातून तिला ते फार आवडायचं. दिवसभर मुक्या कापसाशी काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी कुणीतरी भांडायला असणं म्हणजे सुखच.

पुढे तो पत्रकं वाटायला लागला आणि एका सकाळी पोलिसांनी त्याला दुकानातूनच उचललं. तो आत होता तोवर ताईनं एक भेट चुकवली नाही. सुटून आला तेव्हा गालफडं बसली होती, समोरचे दोन दात नव्हते, आणि ढब्बू हे नाव त्याला मोठ्या मापाच्या सदऱ्यासारखं झालं होतं. ताईनं ते बदललं नाही. थोडे दिवस घरी राहून तो राजधानीत चळवळीच्या लोकांकडे निघून गेला.

जुनं सरकार पडलं ते एका हिवाळ्यात. पडलं म्हणावं तर आवाजसुद्धा झाला नाही. सकाळी उठून बघतात तो वॉर्ड ऑफिसला कुलूप, चौकीला कुलूप, कचऱ्याची गाडी नाही, नळाला थेंब नाही, दिवे नाहीत. साहेब मंडळी बायकापोरांसकट पसार झाली होती. राजधानीत कोण कोणाशी बोलतंय ते कळत नव्हतं. गल्लीतली माणसं दोन दिवस एकमेकांच्या दारात उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी आपसूक ताईच्या दुकानात जमली. कारण साधं होतं. तिथे थंडी वाजत नव्हती आणि बसायला गाद्या होत्या.

‘सरकार गादीवरून उतरलं आणि आपण चढलो,’ नाहीनाना म्हणाले. हे नाना म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. त्यांना काहीही विचारा, पहिला शब्द ‘नाही’. तिकीट मागितलं तरी आधी नाही म्हणायचे आणि मग फाडायचे, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं.

पुढाकार कुणी घ्यायचा म्हटल्यावर सगळ्यांची बोटं ताईकडे वळली. ताई म्हणाली, ‘माझ्या जागेत बसता म्हणून मी मोठी झाले होय? उद्या पावसात हॉटेलात बसलात तर हॉटेलवाल्याचं ऐकणार?’ तिनं उशीचा एक कोरा अभ्रा घेतला, त्यात जमलेल्या माणसांएवढे कापडाचे तुकडे टाकले. सगळे पांढरे, तीन मात्र गादीच्या खोळीचे, निळ्या पट्ट्यांचे. प्रत्येकानं आत हात घालायचा. पट्टा ज्याच्या हाती येईल त्यानं महिनाभर गल्लीचं पाणी, वीज, कचरा बघायचं. महिना झाला की पुन्हा अभ्रा.

पहिल्यांदा पट्टा आला तो दातांच्या डॉक्टरीणबाईंना, पेपरवाल्याला आणि वॉचमनला. वॉचमनचा तुकडा बघून लोक हसले. गल्लीच्या टोकाला बंद पडलेलं एक चित्रपटगृह होतं, त्याचा तो राखणदार. पडद्यामागच्या एका खोलीत म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. बोलायचा इतकं कमी की कित्येकांना त्याचा आवाजच माहीत नव्हता. पण चित्रपटगृहाच्या जनरेटरची किल्ली त्याच्याकडे होती आणि गल्लीत वीज यायची ती तिथूनच. त्यानं महिनाभर टँकर मोजून घेतले, भांडणं न करता रांगा लावल्या. हसणारे गप्प झाले.

आणखी एक पद्धत पडली, ती नानांमुळे. ते प्रत्येक ठरावाला नाही म्हणायचे. आधी लोक वैतागायचे, पण हळूहळू लक्षात आलं की नाना अडवतात तेव्हा काहीतरी राहून गेलेलं सापडतं. मग ठरलं की दर बैठकीत एकानं नाही म्हणायलाच बसायचं, आळीपाळीनं. नाना रुसले. ‘म्हणजे माझी नोकरी गेली की,’ म्हणाले.

हे सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं असं मात्र नाही. डिझेल संपत आलं तेव्हा बैठकीत ठरलं की दुपारभर जनरेटर बंद ठेवायचा. संध्याकाळी पोरांना अभ्यासाला आणि स्वयंपाकाला उजेड हवा. सगळ्यांनी हात वर केले. वॉचमननंही केला. त्याच आठवड्यात एका दुपारी त्याची आई गेली. तिला श्वासासाठी एक यंत्र लागायचं, विजेवर चालणारं. गल्लीत फार थोड्यांना हे ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्या क्षणी आठवलं नव्हतं.

गल्लीत दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर त्याच्यापाशी बसून पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, ‘अहो, पण बोललात का नाही तुम्ही? एक शब्द बोलायचा होतात.’

‘सगळे हो म्हणत होते,’ वॉचमन म्हणाला. ‘सगळ्यांच्या पोरांपुढे माझ्या एकट्याच्या आईचं काय सांगायचं?’

त्यानंतर ताईला वाटलं, पुरे झालं. आपण कोण लागून गेलो लोकांच्या श्वासाचं ठरवणारे? पुढच्या बैठकीच्या दिवशी तिनं दुकानाचं दार लावून घ्यायला हात घातला, तर दारात वॉचमन उभा. काही न बोलता आत आला, गाद्या अंथरल्या, आणि माणसं जमल्यावर उभा राहून म्हणाला, ‘ठरवायच्या आधी विचारा, झळ कुणाला बसणार. त्याला आधी बोलू द्या. तो गप्प बसला तर त्याच्या घरी जा, दार वाजवा, पण बोलतं करा. तोवर कुणी हात वर करायचा नाही.’ एवढं बोलून तो खाली बसला. त्या दिवशी नाही म्हणायची पाळी ज्याची होती, तोही काही बोलला नाही.

त्या माणसाचं परत येणं ताईला आयुष्यभर पुरलं. ती म्हणायची, कुणी मला विचारलं की तुमच्या गल्लीनं काय केलं, तर मी पाण्याचं सांगणार नाही आणि कचऱ्याचं सांगणार नाही. आमच्या चुकीनं ज्याची आई गेली तो माणूस आमच्यात येऊन बसला, हे सांगेन.

उन्हाळ्यात नवं सरकार आलं, तुरुंगातून सुटलेल्या माणसांचं, आपल्या माणसांचं. गल्ली नाचली. आणि एका सकाळी रेडिओवर घोषणा झाली की नव्या सरकारला सल्ला हवा आहे. मधल्या काळात तुमचा भाग तुम्हीच कसा चालवलात आणि पुढे कसा चालावा असं वाटतं, ते येऊन सांगा. त्यासाठी एक खातं काढलं होतं. खात्याचा प्रमुख स्वतः बोलत होता. आवाज ओळखीचा होता. ताईनं हातातलं दाभण खाली ठेवलं आणि उठून रेडिओ मोठा केला. शेजारी बसलेल्या नानांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, पण तिचा चेहरा असा झाला होता की नाना म्हणाले, ‘रड आता एकदाची. कुणी नाही बघत.’

आपल्या गल्लीतर्फे कुणी बोलायचं याची चर्चा लांबली नाही. सिस्टर चांगल्या बोलायच्या, पण त्याच म्हणाल्या, ‘झळ बसली त्यांनीच बोलावं. नियम आहे ना आपला?’ वॉचमन घाबरला. तरी रोज संध्याकाळी दुकानात त्याची तालीम सुरू झाली. नाना साहेब होऊन बसायचे आणि वाटेल ते प्रश्न विचारायचे. वॉचमन अडखळत, थांबत, आईपासून सुरुवात करायचा. पेपरवाल्यानं सुचवलं की आईचं शेवटी घ्या, आधी पद्धत सांगा. वॉचमननं तसं करून बघितलं, पण त्याला जमेना. त्याच्या डोक्यात ती पद्धत आणि आई अशा दोन गोष्टी नव्हत्याच.

सुनावणी जिल्ह्याच्या मोठ्या सभागृहात होती. ताई, वॉचमन, सिस्टर आणि नाना बसनं गेले. सभागृह खच्चून भरलेलं. बस डेपो स्वतः चालवणारे ड्रायव्हर होते, मंडईतल्या बायका होत्या, नदीपलीकडच्या कुठल्याशा गावचे लोक होते ज्यांनी सहा महिने प्रमुखच नेमला नव्हता आणि त्यावरून ते अजूनही आपसात वाद घालत होते. ताईला वाटलं, अरे, आपल्यासारखे एवढे आहेत! ती नुसती सगळ्यांकडे बघून हसत होती.

व्यासपीठावर मधल्या खुर्चीत तिचा भाऊ. नवा कोट, नवे दात. पुढ्यात पितळी घंटी. ताई दिसली तशा त्याच्या भुवया जराशा हलल्या, बस. ताईला तेवढं पुरलं. कामात आहे, तिनं स्वतःला सांगितलं.

एकेक गट येत होता, बोलत होता, घंटी वाजत होती. गल्लीची पाळी आली. वॉचमन माईकपाशी गेला. माईक त्याच्या उंचीला नव्हता, पण तो खाली करायचं त्याला सुचलं नाही.

‘माझी आई,’ तो म्हणाला, आणि थांबला. मग आईला काय झालं होतं ते सांगितलं. यंत्राचं सांगितलं. यंत्राचा आवाज कसा यायचा तेही सांगितलं. व्यासपीठावरच्या एकानं घड्याळ बघितलं. ‘त्या दिवशी सगळ्यांनी हात वर केले,’ वॉचमन म्हणाला. ‘मीही केला. मी गप्प बसलो, कारण—’

घंटी वाजली.

‘धन्यवाद,’ भाऊ म्हणाला. ‘मुद्दा लक्षात आला. पुढचे.’

वॉचमन तसाच उभा. आपलं संपलं आहे हे त्याला कळलंच नव्हतं. घंटी परत वाजली. पुढच्या गटातला माणूस येऊन त्याच्यामागे उभा राहिला. आणि ताई कधी उभी राहिली ते तिचं तिलाही समजलं नाही.

‘ढब्बू! अरे, त्यांना बोलू दे की!’

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं सभागृह हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, लोक दमले होते, त्यांना हसायला निमित्त हवं होतं. भावाच्या दोन बाजूंना बसलेले दोघेही तोंडावर कागद धरून हसत होते. भावाचे कान लाल झाले. तो माईकमध्ये म्हणाला, ‘बाईंनी कृपया खाली बसावं.’

बाई खाली बसली.

परतीच्या बसमध्ये वॉचमन मागच्या सीटवरून वाकून म्हणाला, ‘ताई, तुमच्या भावाला बोल लावू नका. मलाच आटोपशीर बोलता येत नाही.’ ताईनं खिडकीतून बाहेर बघत मान हलवली. दिवसभरात जे जे झालं त्यात हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ घरी आला, सरकारी गाडीतून. ड्रायव्हर बाहेर थांबला. भाऊ कोट न काढता यंत्रापाशी उभा राहिला.

‘ढब्बूसाहेब म्हणतात मला आता,’ तो म्हणाला. ‘ऑफिसात. शिपाईसुद्धा म्हणतात, मी वळलो की.’

‘चुकलं माझं,’ ताई म्हणाली. ‘तोंडातून निघून गेलं. पण तू घंटी का वाजवलीस रे?’

‘किती गट होते बाहेर, माहीत आहे? प्रत्येकाला आई आहे, ताई.’

‘ते आई गेल्याचं सांगत होते.’

‘मला कळत नव्हतं असं वाटतं तुला?’ त्याचा आवाज चढला. ‘ऐक. तुमची कल्पना चांगली आहे. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीच्या गल्लीनं काय केलंय बघा. पण गल्ली म्हणजे देश नाही. अभ्र्यात हात घालून मी वीजकेंद्रावर माणूस नेमू? जुने लोक कुठे गेलेले नाहीत, टपून बसलेत. वर्षभरात आम्ही पाणी नि वीज नीट केली नाही, तर हीच तुझी गल्ली त्यांना हाताला धरून परत आणेल. प्रत्येकाच्या दारात जाऊन झळ कुठे बसते विचारत बसायला वेळ कुणाकडे आहे?’

ताईला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. तीच तर अडचण होती. ती म्हणाली, ‘मग विचारलंस कशाला? रेडिओवरून बोलावलंस कशाला आम्हाला?’

तो हळू म्हणाला, ‘विचारलं नाही असं कुणी म्हणायला नको म्हणून.’

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्यानं विषय बदलला. आता वॉर्डावॉर्डात समित्या नेमल्या जाणार होत्या. या वॉर्डाच्या अध्यक्षपदी त्यानं ताईचं नाव घातलं होतं.

‘कुणाला विचारून?’

‘तुझ्यासाठी केलं मी!’ भाऊ ओरडला. ‘जन्मभर तू माझ्यासाठी केलंस, एक गोष्ट मी करू नको?’

‘माझ्यासाठी करायचं होतं तर घंटी थोडी उशिरा वाजवायची होतीस.’

त्यावर तो निघून गेला. बसलाही नव्हता.

ड्रायव्हर बाहेर थांबला होता आणि गल्लीला दोन कान होते. संध्याकाळी दुकानात बैठकीला कधी नव्हे एवढी गर्दी. कित्येक महिने न फिरकलेले लोकही गाद्यांवर दाटीवाटीनं बसले होते. ताईनं अध्यक्ष व्हावं, हे सगळ्यांचं ठरलेलंच होतं, फक्त ताईला सांगायचं राहिलं होतं. सिस्टरना दवाखाना टिकवायचा होता. औषधं आता सरकारातून येणार होती आणि दवाखाना कुठल्या गल्लीत ठेवायचा ते समिती ठरवणार होती. डॉक्टरीणबाईंना रस्ता हवा होता. नानांच्या नातवाला डेपोत चिकटायचं होतं.

‘अभ्रा काढू या,’ ताई म्हणाली. ‘ज्याच्या हाती पट्टा येईल त्याचं नाव आपण कळवू.’

कुणी हललं नाही. शेवटी सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, अभ्र्यातून कुणाचंही नाव निघेल. पण भाऊ फक्त तुमचा आहे ना सरकारात.’

वाईट हेतूनं नव्हत्या बोलल्या. दिवसाला शंभर माणसं तपासणारी बाई होती ती. पण ताईनं आजूबाजूला बघितलं आणि तिला दिसलं की प्रत्येकाच्या डोळ्यात कौतुक आहे, आणि ते तिचं नाही, तिच्या भावाचं आहे. आजवर ज्या गादीवर सगळे सारखे बसायचे त्या गादीवरून ते तिच्याकडे मान वर करून बघत होते.

‘आज नाही म्हणायची पाळी कुणाची?’ तिनं विचारलं.

पाळी नानांची होती. म्हातारा माणूस बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. ‘पोरी,’ ते म्हणाले, ‘माझं... आज माझं हो आहे.’ एरवी यावर केवढा हशा पिकला असता. कुणी हसलं नाही.

तेव्हा कोपऱ्यातून वॉचमन म्हणाला, ‘झळ कुणाला बसणार ते विचारायचं राहिलंय.’

सगळ्यांनी वळून बघितलं. ‘झळ कसली आलीय यात?’ पेपरवाला म्हणाला. ‘चांगलंच तर आहे.’

‘ताईंना बसेल,’ वॉचमन म्हणाला. ‘त्यांना आधी बोलू द्या.’

मग ताई बोलली. तिलाही आटोपशीर बोलता आलं नाही. ती म्हणाली, ‘मी अध्यक्ष झाले की तुम्ही माझ्याकडे येणार, मी त्याच्याकडे जाणार. तो माझ्या शब्दाखातर करेल, नाही असं नाही. पण मग तो माझा भाऊ राहील का, आणि मी तुमची कोण राहीन? शेजारच्या गल्लीत कुणाचा भाऊ नाही, त्यांनी काय करायचं? मला हे नको. माझ्या जिवावर येतं. ऐका माझं.’

त्यांनी ऐकलं. अगदी शेवटपर्यंत, मान डोलावत ऐकलं. आणि मग हात वर केले. पुढच्या ओळीतले, मग मागचे, दारात उभ्या असलेल्यांचे. नानांचा हात अर्धाच वर गेला, पण गेला. वॉचमन तेवढा मांडीवर हात ठेवून बसून राहिला.

ताई बघत राहिली. मग म्हणाली, ‘बरं. तुमचं मत कळलं मला. पण मी होणार नाही.’ आणि उठून आत गेली.

अध्यक्षपद लाकडाच्या वखारवाल्याला मिळालं. माणूस वाईट नव्हता. पुढच्या पावसाळ्याआधी रस्ता झाला, दिवे आले, नळाला पाणीही आलं. भाऊ म्हणाला होता तसं सरकारनं करून दाखवलं. पाणी आल्यावर बैठकीला यायचं कारण उरलं नाही. दवाखाना मात्र वखारवाल्याच्या रस्त्यावर गेला, गल्लीपासून लांब. सिस्टरना ती वाट रोज तुडवावी लागायची. एकदा दम्याच्या पोराला उचलून धावत नेताना तिथे पोचायला उशीर झाला. पोरगं वाचलं, पण सिस्टर परतताना दुकानाच्या दारात थांबून म्हणाल्या, ‘तुमच्या एका नाहीनं काय काय गेलं, बघा ताई.’ त्या रात्री काय, पुढेही कित्येकदा तिनं स्वतःला विचारलं की आपण चुकलो का. कधी हो वाटायचं, कधी नाही. नानांशी बोलावं असं तिला फार वाटायचं, पण नाना हल्ली समोरच्या बाजूनं जायचे, भिंतीकडे बघत.

बैठकीच्या दिवशी ती सवयीनं गाद्या अंथरून ठेवायची. वॉचमन यायचा, दोघं बसायचे. एकदा रस्त्यानं जाणारी एक बाई आत डोकावून म्हणाली, ‘एवढ्या गाद्या बाहेर काढल्यात! सेल लावलाय का?’ दोघांना हसू आवरेना. हसता हसता ताईला पुढचं काही दिसेनासं झालं, तेव्हा वॉचमननं उठून तिच्यासाठी पाणी आणलं. मग चित्रपटगृह विकलं गेलं, नव्या मालकानं आपली माणसं आणली, आणि वॉचमन दुसऱ्या शहरात भाचीकडे राहायला गेला. त्याच्या सामानात आईचं ते यंत्र होतं. कशाला नेताय, असं ताईनं विचारलं नाही. त्यानंतर गाद्या अंथरणं बंद झालं.

भाऊ बरीच वर्षं आला नाही. मधल्या काळात त्याचं खातं बंद झालं, त्याला कुठल्याशा पुराभिलेखाच्या ऑफिसात टाकलं, गाडी गेली. मग तो यायला लागला, दोनतीन महिन्यांतून एकदा, बसनं. येताना फळं आणतो. तिच्या गुडघ्यांची चौकशी करतो. ती त्याच्या साखरेची करते. कापूस महाग झाला, हवा बदलली, त्याचं भाड्याचं घर ओल धरतं, असं दोघं बोलतात. तो आमटीला चांगली झाली म्हणतो, ती आणखी घे म्हणते. एकमेकांचं बोलणं दोघं शेवटपर्यंत ऐकून घेतात. बाहेरच्या कुणी बघितलं तर म्हणेल, काय गुणी बहीणभाऊ आहेत.

परवा तो असाच आला होता. ताईला एक जुनी गादी पिंजून द्यायची होती, ती म्हणाली, तू बस, माझं होईलच. तो दुकानातल्या नव्या गादीवर टेकला, आणि थोड्या वेळानं तिनं वळून बघितलं तर बूट न काढता आडवा होऊन झोपला होता, तोंड उघडं टाकून. केस पांढरे झाले होते. ताईनं यंत्र बंद केलं. दारात गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं हातानंच सांगितलं, उद्या या. मग ती त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राहिली. त्याला उठवावं असं तिला वाटेना. तो जागा झाला की पुन्हा दोघांना नीट वागावं लागणार होतं.